सुळा दिसला, म्हणून बिबट्या? एका अर्ध्या कवटीचं प्रकरण

रविवारी संध्याकाळी मैत्रिणीने तीन फोटो पाठवले आणि खाली एकच ओळ: "बिबट्याचं पिल्लू का गं? लेक हातातून सोडायला तयार नाही."

पहिल्या फोटोत लेकीचा हात आणि हातात तुटकं हाड. दुसऱ्यात तेच हाड खडकावर आडवं, कॅमेरा हललेला. तिसरा खालून काढलेला, पण सावलीत, त्यामुळे दाढांच्या जागी नुसती काळपट डागांची रांग. एक गोष्ट मात्र तिन्ही फोटोंत लख्ख होती: डाव्या बाजूचा सुळा. बोटाच्या पेराएवढा, मागे वळलेला, टोकाला सुईसारखा. तिन्ही वेळा कॅमेऱ्याने नेम त्याच्यावरच धरला होता. आजूबाजूचं हाड धूसर असलं तरी कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

कवट्या ओळखायचा मला नाद आहे, म्हणून ओळखीपाळखीचे लोक असले फोटो माझ्याकडे धाडतात. बहुतेक वेळा कुत्रा निघतो, नाहीतर शेळी. दोन मिनिटांत उत्तर द्यायचं आणि विसरून जायचं. हे प्रकरण मात्र लिहून ठेवावंसं वाटलं, कारण या अर्ध्या कवटीला आठवड्याभरात चार चुकीची नावं मिळाली आणि त्यातलं चौथं मी दिलं होतं.

काय सापडलं होतं

डोंगरउतारावरून खाली येताना ओढ्याकाठच्या झुडपात हे हाड पोरीला दिसलं. ती सहावीत आहे, खिशात सतत काहीतरी भरत असते. मिळाला तो कवटीचा पुढचा भाग: डोळ्यांच्या खोबणींपासून नाकाकडे गेलेला. डोळ्यांच्या मागचा, म्हणजे मेंदूचा डबा जिथे असतो तो भाग गायब. खालचा जबडाही नाही. यात आश्चर्य काही नाही. खालचा जबडा कवटीला हाडाने जोडलेला नसतोच, स्नायू आणि अस्थिबंध कुजले की तो सुटून बाजूला पडतो. रानात सापडणाऱ्या कवट्यांना तो क्वचितच असतो.

आणखी एक तुकडा नव्हता, आणि सगळा घोळ त्याने घातला. वरच्या जबड्याच्या अगदी पुढे, नाकाच्या टोकाशी, एक नाजूक जोडहाड असतं. पटाशीचे दात असले तर त्यात असतात. सगळ्यांत आधी निखळून पडतं ते हेच. ते जागेवर असतं तर पहिल्याच फोटोत निकाल लागला असता: खाचा असत्या तर पटाशीचे दात होते, सपाट असतं तर नव्हते. इथे हाडच नाही म्हटल्यावर "पुढचे दात पडलेत" असं सगळ्यांनी गृहीत धरलं. पुढचे दात पडलेत, सुळा शाबूत आहे, म्हणजे मांसाहारी. तर्क सरळ होता, पाया नव्हता.

मैत्रिणीच्या गटात एक गृहस्थ होते, उभा जन्म रानं पालथी घातलेले. ते म्हणाले, "डुकराचं पिल्लू." पोरीने घरी येऊन मोबाईलच्या चित्रशोधाला विचारलं. त्याने ठणकावून सांगितलं, कुत्रा. आईचं मत बिबट्या, कारण मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या रात्री बिबट्याच्या गोष्टी निघाल्या होत्या.

चौथं नाव

मी तिसरा फोटो मोठा करून पाहिला. त्या काळपट डागांत मला वक्र रेषा दिसल्यासारख्या वाटल्या. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या दाढा. मग सुळ्याचं काय? शेळी, मेंढी, गाय, म्हैस, यांपैकी कुणालाही वरच्या जबड्यात सुळा नसतो, पटाशीचे दातही नसतात. तिथे नुसती कडक हिरडी असते आणि खालचे पटाशीचे दात तिच्यावर दाबून गवत तोडलं जातं. मी उत्तर लिहिलं: "शेळी आहे. तो सुळा नसावा, काटा नाहीतर काटकी भोकात अडकलेली असेल. धुऊन बघा."

हे लिहिताना मला काडीची शंका नव्हती. दाढांबद्दल मी बरोबर होते. जे माझ्या उत्तरात बसत नव्हतं, ते मी काटकी ठरवून बाजूला सारलं. बाकीच्यांनी फक्त सुळा पाहिला, मी सुळा सोडून सगळं पाहिलं. फरक एवढाच.

पाच मिनिटांत पोरीचा आवाज आला: "मावशी, काटकी नाहीये. मी तो काढला. आत लांब मूळ आहे." सोबत फोटो, तळहातावर अख्खा दात. एका अंगाला चपटा, मागची कड सुरीसारखी, आणि खाली मातकट रंगाचं मूळ.

काटकीला मूळ नसतं. म्हणजे शेळी बाद.

नावं का चुकली

चुकीच्या नावांवर थोडं थांबते, कारण कवटी हातात आल्यावर कुणाच्याही तोंडी आधी हीच नावं येतात.

बिबट्या काय किंवा रानमांजर काय, मांजरकुळातल्या प्राण्याचा चेहरा आखूड असतो. वरच्या सुळ्याच्या मागे प्रत्येक बाजूला फार तर चार दात: तीन उपदाढा आणि एक एवढीशी दाढ. अख्ख्या तोंडात मिळून तीस. त्यातला शेवटून दुसरा मोठा दात म्हणजे सरळ कात्रीचं पातं, खालच्या पहिल्या दाढेला घासत जाणारं. मांजराच्या दातांत चघळायला सपाट जागाच नाही. सुळ्याचं म्हणाल तर मांसाहारी प्राण्याचा सुळा जाड, शंकूसारखा, कापला तर लंबगोल दिसेल असा असतो, आणि त्याचं मूळ बाहेर दिसणाऱ्या भागापेक्षा लांब असतं. धडपडणारं भक्ष्य दातात धरून ठेवायचं तर दात जबड्यात तेवढा रुतलेला हवाच. पोरीच्या तळहातावरचा दात पातळ आणि चपटा होता. धरून ठेवणारा नाही, चिरा पाडणारा.

डुकराला चव्वेचाळीस दात असतात आणि त्याच्या दाढांवर गोल गोल उंचवटे असतात, पुष्कळसे आपल्या दाढांसारखे. वरचा सुळा बाहेर निघून वर वळतो. हा तर खाली येऊन मागे वळला होता. कुत्र्याच्या बेचाळीस दातांत चिरायचे आणि चुरायचे असे दोन्ही प्रकार असतात, पण रवंथ करणाऱ्यांच्या दाढांवर दिसतात तशा चंद्रकोरी नसतात. चित्रशोधाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला आम्ही सुळ्याचे फोटो दिले होते, त्याने सुळ्याचं उत्तर दिलं.

या तिघांनाही बाद करणारी आणखी एक खूण होती, ती दाताजवळ नव्हतीच. डोळ्याची खोबण. मांजर, कुत्रा, डुक्कर यांच्या खोबणीचं कडं मागच्या बाजूला उघडं असतं. वरून हाडाचं एक टोक येतं, खालून एक, आणि मध्ये जागा राहते. रवंथ करणाऱ्या प्राण्यांत आणि घोड्यात हे कडं हाडाने पुरतं बंद झालेलं असतं, बांगडीसारखं. दुसऱ्या, हललेल्या फोटोतसुद्धा डाव्या डोळ्याची बांगडी पूर्ण दिसत होती. फोटो मोठा करायचीही गरज नव्हती. सगळ्यांचं लक्ष दोन इंच पुढे होतं, एवढंच.

दुसरी फेरी

मी मैत्रिणीला म्हटलं, नाव सांगत नाही. पुढच्या रविवारी पुन्हा जायचं असेल तर फूटपट्टी घेऊन जा. पहिल्या फोटोंत मापाला काहीच नव्हतं. पोरीचा हात होता, पण तो केवढा हे मला कुठे माहीत? कवटी उंदराएवढी की रेड्याएवढी हे कळल्याशिवाय बाकीच्या खुणा अधांतरी लटकतात.

आणखी सांगितलं: वरून, खालून, दोन्ही बाजूंनी, समोरून आणि मागून, असे फोटो हवेत. फूटपट्टी हाडाच्या मध्याच्या उंचीला धर, जमिनीवर ठेवू नकोस, नाहीतर माप खोटं येतं. मोबाईल हाडाला चिकटवू नकोस, दोन हात लांब उभी राहून झूम कर, कारण अगदी जवळून काढलं की नाकाड फुगतं आणि मागचा भाग आक्रसतो. उन्हात ठेवू नकोस, दाढांच्या कडा पांढऱ्याफटक होऊन जातात. हातमोजे घाल.

हातमोज्यांवरून मी पोरीला जरा रागावलेच होते. उघड्या हाताने दात उपटणं हा काही शहाणपणा नाही. मांस किंवा कातडं चिकटलेलं असेल, वास येत असेल, तर हात लावायचाच नाही. चरणारं जनावर काळपुळीने मेलेलं असलं तर त्या रोगाच्या जंतूंचे बीजाणू मातीत कित्येक वर्षं टिकतात. कोरड्या, पांढऱ्या पडलेल्या हाडाला भीती खूप कमी, तरी साबणाने हात धुणं चुकवायचं नाही.

दुसऱ्या रविवारी त्यांना ती कवटी ठेवलेल्या खडकावर नव्हती. खाली पाचोळ्यात पालथी पडलेली. मधल्या आठवड्यात कुणीतरी येऊन हुंगून, उलटवून गेलं होतं.

आणि खरी गंमत पुढे. पोरीने कंपासपेटीतून तो दात काढला. मागच्या रविवारी तिने तो खिशात घालून घरी नेला होता, हे आईलाही तेव्हाच कळलं. तिने तो डाव्या बाजूच्या भोकात बसवला, अगदी चपखल बसला. मग कवटी फिरवून म्हणाली, "मावशीला सांग, उजवीकडेपण असंच भोक आहे. फक्त दात नाहीये."

दुसऱ्या बाजूला तसाच, तेवढाच, त्याच दिशेला वळलेला रिकामा खळगा. म्हणजे सुळा या प्राण्याचाच, दोन्ही बाजूंना असणारा. हा प्रश्न पहिल्याच दिवशी मी विचारायला हवा होता. काटकी म्हणण्याआधी, उजवीकडे काय आहे?

दाढा आणि भोकं

खालून काढलेला नवा फोटो मी बराच वेळ बघत बसले. प्रत्येक बाजूला सहा दाढा-उपदाढा, एकीला लागून एक. पुढच्या तीन लहान, मागच्या तीन मोठ्या. मोठ्या दाढेवर पांढऱ्या इनॅमलच्या चंद्रकोरी, जोडीजोडीने, फुगीर बाजू जिभेकडे आणि टोकं गालाकडे. कोरींच्या पोटात तपकिरी डेंटिन. इनॅमल कठीण, डेंटिन मऊ. मऊ भाग आधी झिजतो आणि कठीण कडा वर राहतात, त्यामुळे जातं जसं टाकी लावून खरबरीत ठेवतात तशी ही दाढ चघळता चघळता आपोआप खरबरीत राहते. या दाढांच्या पुढे मोकळी जागा, दातच नाहीत अशी, आणि त्या जागेच्या पुढे सुळा.

दातांवरून प्राण्याचा बाकीचा देह सांगायची रीत जुनी आहे. जॉर्ज क्युव्हिए या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने 1804 मध्ये पॅरिसजवळच्या मोंमार्त्रच्या दगडात अडकलेल्या एका छोट्या सांगाड्याचा जबडा आणि दात पाहून तो पिशवीवाल्या प्राण्याचा असल्याचं ठरवलं. मग साक्षीदारांसमोर दगड कोरून पिशवीवाल्या प्राण्यांत असतात ती श्रोणीची जास्तीची हाडं काढून दाखवली. दाढा खोटं बोलत नाहीत असं माझं मत आहे. सुळा शोभेचा असतो, भांडणाचा असतो, नर-मादीत वेगळा असतो. दाढ रोज काय खाल्लं जातं त्याच्याशी बांधलेली.

बाजूच्या फोटोवर मैत्रिणीने लाल गोल काढून लिहिलं होतं, "इथे गोळी लागलीये बघ." डोळ्याच्या पुढे, नाकाकडे जाताना, हाडात एक लांबट फट होती, कडा पातळ. मी विचारलं, उजवीकडे आहे का? आहे, अगदी तश्शीच. दोन्ही गालांना एकाच जागी, एकाच आकाराची गोळी लागत नाही. सारंगकुळातल्या हरणांच्या कवटीला त्या ठिकाणी अशी फट जन्मजात असते. चार हाडं जिथे एकमेकांना भेटायला येतात तिथे ती पुरती भेटत नाहीत.

कवटीतल्या भोकांनी माणसाला याआधीही चकवलं आहे. हत्तीच्या कवटीला कपाळाच्या मधोमध नाकाचं मोठं भोक असतं, आणि डोळ्यांच्या खोबणी बाजूला, लक्षात न येणाऱ्या. ग्रीक पुराणातला एकडोळ्या राक्षस अशाच, बुटक्या हत्तींच्या कवट्यांवरून सुचला असावा, अशी कल्पना ओथेनिओ आबेल या पुराजीवशास्त्रज्ञाने 1914 मध्ये मांडली होती. खरं असो नसो, मोठं भोक म्हणजे डोळा हा समज आजही टिकून आहे. मला दर वर्षी कुणीतरी विचारतंच.

त्या फटीच्या मागे, डोळ्याच्या अगदी पुढ्यात, आणखी एक खूण होती: खोल, गुळगुळीत खळगा. पोरीचा अंगठा त्यात आरामात बसत होता. इथे हरणाची गंधग्रंथी असते. झाडाझुडपांना घासून आपला वास ठेवायला ती वापरली जाते. हा खळगा एवढा मोठा बघितल्यावर माझ्या मनातल्या यादीतली दोन नावं गळली.

सुळेवाल्यांची यादी

रवंथ करणारे आणि तरीही वरच्या जबड्यात लांब सुळे बाळगणारे प्राणी मोजकेच. पिसोरी, म्हणजे ससाएवढं मूषकहरीण. कस्तुरीमृग. चीन आणि कोरियातलं पाणहरीण, ज्याच्या नराला शिंगं येतच नाहीत. कपाळावर केसांचा झुबका असलेलं, चीनच्या डोंगरांतलं शेंडीहरीण. आणि भेकर.

शेळी मागे घेतल्यावर मी मनात पिसोरी धरली होती, हे कबूल करायला हवं. फूटपट्टीने तिचा निकाल लावला. सापडलेला अर्धा तुकडाच 10 सें.मी. होता आणि दाढांची रांग 5.4 सें.मी. पिसोरीची अख्खी कवटी 10 सें.मी.च्या आसपास असते. शिवाय पिसोरीला आणि कस्तुरीमृगाला डोळ्यापुढे तो गंधग्रंथीचा खळगा नसतो. कस्तुरीमृगाचा सुळा याच्या दुप्पट-तिप्पट लांब, आणि तो राहतो उंच, थंड डोंगरांत. पाणहरीण आणि शेंडीहरीण त्या भागात नाहीतच. कवटी कुठे सापडली हीसुद्धा एक खूण आहे, आणि फुकटची. लोक ती सांगायला विसरतात.

उरलं भेकर. पण उरलं म्हणून तेच, असं मला म्हणायचं नव्हतं. एकदा तोंड पोळलं होतं. भेकराची स्वतःची खूण हवी होती, आणि ती असते कपाळावर. नराची शिंगं लांब हाडाच्या खुंटांवर उभी असतात. खुंटांवर कातडं आणि केस असतात. दर वर्षी वरचं शिंग गळतं, खुंट राहतो. या खुंटांची मुळं कपाळावरून खाली नाकाकडे दोन उंच कडांच्या रूपात उतरत येतात, इंग्रजी व्ही अक्षरासारखी. जिवंत भेकराच्या तोंडावर त्या काळ्या रेघा म्हणून दिसतात.

मी पोरीला फोन लावला. "कपाळावरून बोट फिरव. काही लागतंय?"

"दोन कडा आहेत. वर जाऊन तुटल्यात."

वरून काढलेला फोटो माझ्यासमोरच होता. त्या कडा मला दिसल्या होत्या. तुटलेल्या हाडाचा काठ उचकटलाय असं समजून मी पुढे गेले होते. दुसरी काटकी.

"वर तुटल्यात तर वरचा भाग जवळपास असेल," ती म्हणाली, आणि फोन तसाच चालू ठेवून शोधायला लागली. मला पाचोळा तुडवल्याचा आवाज आणि आईचं "साप बघ गं" एवढंच ऐकू येत होतं. उताराच्या बाजूला सात-आठ पावलांवर, दोन दगडांच्या मध्ये, मेंदूचा डबा सापडला. गोल, शेवाळाने हिरवट. त्यावर मागे झुकलेले दोन खुंट, दोन्ही अर्धे. तुटलेले नव्हते, खाल्लेले होते. टोकांना रुंद, सपाट बुडाचे ओरखडे, एकाला एक समांतर, पटाशीने रंधा मारावा तसे.

हे साळिंदराचं काम. साळिंदरं हाडं आणि गळून पडलेली शिंगं कुरतडतात, त्यातून त्यांना कॅल्शियम आणि फॉस्फरस मिळतो. कुत्र्या-कोल्ह्याने चावलेल्या हाडावर खड्डे आणि वेडेवाकडे फाटलेले काठ दिसतात. असे शिस्तीत, शेजारी शेजारी ओरखडे कुरतडणाऱ्या प्राण्यांचेच. शिंगं गळण्याच्या हंगामात मेला की शिंगांसकट मेला, हे आता सांगता येत नाही. तो पुरावा साळिंदराच्या पोटात गेला.

दोन्ही तुकडे एकमेकांना लावून फोटो आला. काठ जुळत होते. कडा कपाळावरून वर जात होत्या आणि सरळ खुंटांत शिरत होत्या.

भेकर. नर.

सुळा कशाला

पोरीचा पुढचा प्रश्न अपेक्षित होता. पाला खाणाऱ्याला सुळा कशाला?

भांडायला. भेकराचे नर शिंगांनी एकमेकांना रेटतात, तोल घालवतात, आणि जखम करायची ती सुळ्याने. माद्यांना शिंगं नसतात आणि सुळाही नावापुरता. सुळा आणि शिंग ही एकाच कामाची दोन हत्यारं असावीत, असं हरणांकडे ओळीने बघितलं की वाटतं. पाणहरणाला शिंगं नाहीत, सुळे दांडगे. भेकराला दोन्ही, दोन्ही बेताचे. युरोपातल्या तांबड्या हरणाला भलीमोठी शिंगं, आणि वरच्या जबड्यात सुळ्याच्या जागी बोथट, मोत्यासारखा एक दाणा. चितळाला बहुधा तोही नसतो. मला हा दाणा फार आवडतो. उपयोग संपला तरी घर न सोडलेला.

नेमकी कुठली भेकराची जात, हे मी कवटीवरून ठरवलं नाही, जागेवरून ठरवलं. त्या भागात एकच जात आहे. दोन-तीन जाती एकत्र नांदतात अशा आग्नेय आशियातल्या जंगलात मी गप्पच बसले असते. भेकरांच्या जाती दिसायला इतक्या सारख्या, आणि आतून मात्र भलत्याच वेगळ्या: चीनच्या रीव्ह्ज भेकरात 46 गुणसूत्रं, तर भारतीय भेकराच्या मादीत 6 आणि नरात 7, सस्तन प्राण्यांत सगळ्यांत कमी. कवटीला याचा पत्ताच नसतो. उलट व्हिएतनामच्या वू क्वांग भागात 1992 मध्ये शिकाऱ्यांच्या घरात लावलेल्या शिंगांवरून आणि कवट्यांवरून साओला हा प्राणी विज्ञानाला पहिल्यांदा कळला. दोनच वर्षांनी त्याच भागातून मोठ्या शिंगांच्या भेकराची नवी जात नोंदवली गेली. शिकाऱ्यांना ते प्राणी माहीत होते, विचारायला कुणी गेलं नव्हतं.

दात परत

पोरीला कवटी घरी न्यायची होती. धुवायची कशी, हे तिने आधीच वाचून ठेवलेलं: उकळायची नाही, साध्या पाण्यात भिजत ठेवायची, ब्लीच वापरायचं नाही कारण त्याने हाड भुसभुशीत होतं, हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. सगळं बरोबर होतं. तरी मी नाही म्हटलं. वन्यप्राण्याची कवटी, शिंग किंवा दात बाळगण्याबद्दल बऱ्याच देशांत कायदे आहेत आणि "सापडली म्हणून आणली" हे उत्तर तिथे चालत नाही. भारतात 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. अमेरिकेत 1918 चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा तर साधं पीस उचलण्यापर्यंत जातो. पाळीव शेळीची कवटी असती तर मी काही बोलले नसते, आणि पहिल्या दिवशी माझं उत्तर बरोबर ठरलं असतं तर तिने ती नेलीही असती. नाव कळल्याशिवाय नेता येईल की नाही हेही कळत नाही, ही यातली गोम.

दात कंपासपेटीत परत जाणार नाही हे तिने फारशा आनंदाने मान्य केलं नाही. सुळा डाव्या खोबणीत बसवला, दोन्ही तुकडे दगडांमध्ये ठेवले, शेवटचा फोटो काढला.

शाळेच्या वहीत तिने नोंद केली ती मला दाखवली. भेकर, नर, पूर्ण वाढलेला: सगळ्या दाढा आलेल्या आणि झिजायला लागलेल्या. दाढांची रांग 5.4 सें.मी., बाहेर दिसणारा सुळा 2.3 सें.मी. उजवा सुळा नाही, खोबण आहे. खुंट साळिंदराने खाल्ले. खाली तीन रकाने रिकामे होते: कधी मेला, कसा मेला, शिंगं होती का.

"तिथे काय लिहू?"

"सांगता येत नाही, असं लिही."

"तिन्हींत?"

"तिन्हींत."

तिने लिहिलं. मग पान उलटून मागे, माझ्या नजरेला पडेल अशा बेताने, आणखी एक रकाना आखला: 'आधी काय वाटलं होतं'. त्यात बिबट्या, डुक्कर, कुत्रा, आणि सगळ्यांत खाली, ठळक अक्षरात: शेळी (मावशी).